जुने खेळ, नवे अवतार (लेखांक ६) : धुकं पुसलं आणि शहरं जवळ आली

जुना खेळ नव्या यंत्रावर चालवण्यासाठी तांत्रिकदृष्ट्या काय काय करावं लागतं, ते मागच्या भागात पाहिलं. ते सगळं जमलं तरी खेळ हातचा जाऊ शकतो. त्याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे ‘जीटीए : सॅन अँड्रियास’. तासावर पैसे भरून सायबर कॅफेत हा खेळ खेळलेली एक पिढीच आपल्याकडे आहे.

२००४ साली तो आधी प्लेस्टेशन २ वर आला. त्या यंत्राची मुख्य मेमरी अवघी ३२ एमबी. तीन शहरं, वाळवंट, जंगल आणि माउंट चिलियाडचा डोंगर एवढ्याशा जागेत एकदम मावणं शक्यच नव्हतं. म्हणून खेळाडू असेल तिथला परिसर डिस्कवरून मेमरीत आणायचा आणि मागे पडलेला काढून टाकायचा. लांबचं उघडं पडू नये म्हणून क्षितिजावर धुकं, धुरकट हवा, तांबूस प्रकाश. गावाबाहेरचे रस्तेही डोंगराला वळसे घालत नेलेले. त्यामुळे लॉस सँटोस सोडून सॅन फिएरोच्या वाटेला लागलं की आपण खरंच परगावी निघालोय असं वाटायचं. प्रत्यक्षात हा नकाशा लहानच; विमानाने काही मिनिटांत पार होतो. तो मोठा भासायचा ही धुक्याची करामत.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जीटीए ३’, ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ यांची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली. मेमरीची ददात नव्हती, दूरवरचं स्वच्छ दाखवणं शक्य होतं, तसं ते दाखवलं. चिलियाडच्या माथ्यावरून अख्खं राज्य एका नजरेत आलं आणि तीन शहरं एका वाडीतली घरं वाटावीत इतकी जवळ दिसू लागली. नकाशा तसूभरही बदलला नव्हता.

तीच गत बारीकसारीक गोष्टींची. लॉस सँटोसमधल्या एका डोनटच्या दुकानावर बोल्टाला बसवतात तसा भलामोठा षटकोनी नट आहे. जुन्या वस्तूंचे कोपरे गुळगुळीत करण्याच्या ओघात तोही गोल झाला. त्याचे सहा कोपरे ही जुन्या ग्राफिक्सची मर्यादा नव्हती, तो नटाचा आकारच होता. नव्याने घडवणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते. नाइलाजाने राहिलेलं काय आणि मुद्दाम केलेलं काय, हे त्याला ओळखावं लागतं. सॅन अँड्रियासचं धुकं तर दोन्ही होतं, नाइलाजातून आलेलं आणि कसबाने वापरलेलं.

माझ्या मते याहून मोठा धोका वेगळाच आहे. नवी आवृत्ती येण्याआधी ‘जीटीए’ची कंपनी रॉकस्टारने जुने तिन्ही खेळ ऑनलाइन विक्रीतून काढले होते. म्हणजे नवं पसंत नसेल, तर जुनं विकत घ्यायची वाटही बंद. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि पीसीसाठी जुन्या प्रती आपल्या दुकानात परत आणल्या. ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती २०२० मध्ये आली, तेव्हा मूळ खेळ घेतलेल्यांनाही नवाच प्रोग्रॅम उतरवून घ्यावा लागला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून कुणी घरातली जुनी प्रत उचलून नेत नाही. खेळांनाही तेवढं संरक्षण मिळायलाच हवं.

नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये ‘क्लासिक लायटिंग’ची सोय आली आणि सॅन अँड्रियासवर धुकं परतलं. त्याच्या महिनाभर आधी पोलंडच्या ब्लूबर टीमने नव्याने घडवलेला ‘सायलेंट हिल २’ बाजारात आला होता. त्यांनी धुकं ठेवलं, पण मूळ खेळातला कॅमेरा बदलला. पुढच्या भागात त्याविषयी.