लोकरी ब्लँकेट मशीनमध्ये वाळवताना

रमजान आता थंडीत सरकतो आहे. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत येत २०३० साली तर एकच इंग्रजी वर्ष जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन रमजान सुरू होताना पाहील. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्या दिवसांत पहाटे सहरीला उठणे काय असते, ते इथल्या बायकांना सांगायला नको. पेटीतली लोकरी ब्लँकेटे रोजच्या वापरात येतात, आणि रोज वापरली की खराबही होतात. लहान मूल रात्री ओले करते, आजाऱ्याला उलटी होते. जाड ब्लँकेट हिवाळ्याच्या उन्हात एका दिवसात वाळत नाही. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरकडे बाहेर तारेवर टाकले, तर संध्याकाळी त्यावर कोळशाची काळी भुकटी बसलेली. मग हात आपोआप मशीनकडे जातो. रात्रीपर्यंत ब्लँकेट पाक आणि कोरडे हवे असते, म्हणून ड्रायरची उष्णता वाढवली जाते, आणि दुहेरी पलंगावरचे ब्लँकेट पाळण्यापुरते होऊन बाहेर येते.

हे का होते, ते आधी समजून घेऊ. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. ओलावा आणि ऊब मिळाली की तंतू सैल पडतो आणि घुसळण झाली की खवले एकमेकांत अडकत जातात. एकदा अडकले की सुटत नाहीत. नमदा याच गुणावर बनतो. ओले ब्लँकेट गरम ड्रायरमध्ये गरगर फिरते, तेव्हा ओल, ऊब आणि घुसळण ही तिन्ही एकत्र येतात. नुसत्या उष्णतेपेक्षा हा मेळ घातक.

पण आपले ब्लँकेट खरोखर लोकरीचे आहे का? उमराहून किंवा आखाती देशांतून आलेली मऊ, जड, फुलाफुलांची ब्लँकेटे बहुधा पॉलिस्टर किंवा अॅक्रिलिकची असतात. कडेचा एक धागा उपसून चिमट्यात धरा आणि मोरीत, पाण्याजवळ जाळून पाहा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांनी चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. असे ब्लँकेट आटत नाही, पण जास्त उष्णतेने त्याची लव कडक होते.

आता पाकीचा प्रश्न, कारण घाई त्यापायीच होते. आपल्या भागातल्या बहुतेक घरांत हनफी मसलक पाळला जातो. त्यात पिळता येणारी वस्तू तीनदा धुऊन दर वेळी पिळायची असते. जी पिळणे अवघड, ती तीनदा धुवायची आणि दर वेळी पाण्याचे थेंब गळायचे थांबेपर्यंत ठेवायची. पूर्ण वाळणे ही पाकीची अट नाही. म्हणजे ड्रायरच्या उष्णतेचा पाकीशी संबंधच येत नाही. ही सवलत लोकरीच्याही सोयीची आहे, कारण ओली लोकर हाताने पिरगाळली की ताणून वेडीवाकडी होते. आपल्या मशीनच्या धुण्याबद्दल शंका असेल तर जवळच्या आलिमांना विचारून घ्यावे.

मशीनकडून घ्यायचे खरे काम म्हणजे पाणी काढणे. सेमी-ऑटोमॅटिकच्या स्पिनमध्ये कपडा टबाच्या भिंतीला चिकटून फिरतो, घुसळला जात नाही. म्हणून स्पिन लोकरीला बराच सुरक्षित. ब्लँकेट एका बाजूला कोंबू नका, टबाच्या कडेने सारखे गोल बसवा, नाहीतर मशीन धडधडत जागची हलते. एक-दीड मिनिट पुरे. टब पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये, मुलांना तर जवळही येऊ देऊ नये. फ्रंट-लोडमध्ये लोकरीचा प्रोग्राम आणि कमी वेगाचा स्पिन निवडा. मशीनवर लिहिलेले सात किलो हे कोरड्या सुती कपड्यांचे वजन असते. लोकरीसाठीची मर्यादा त्याहून बरीच कमी असते आणि ती पुस्तिकेत दिलेली असते. डबल बेडचे जड ब्लँकेट घरच्या मशीनमध्ये मुळीच घालू नये.

स्पिननंतर सर्वांत उत्तम ड्रायर म्हणजे आपली बाज. सुंभाच्या किंवा नवारीच्या बाजेवर स्वच्छ चादर टाकून ब्लँकेट सपाट पसरा, वर पंखा लावा. खालून-वरून हवा खेळते, आणि तारेवर लोंबून कडा ताणल्या जातात तसे होत नाही.

तरीही गरम ड्रायर वापरायचाच असेल, तर आधी लेबल पाहा. चौकोनात वर्तुळ म्हणजे ड्रायर चालतो. वर्तुळात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन म्हणजे मध्यम. चिन्हावर फुली असेल तर विषय संपला. लेबलच नसेल तर फुली आहे असेच समजावे. चालत असेल तर सर्वांत कमी उष्णता, सोबत दोन कोरडे सुती टॉवेल, आणि दहा मिनिटांनी उघडून पाहणे. थोडे दमट असतानाच काढून उरलेले काम बाजेवर सोपवा. फिल्टरमधली लव दर वेळी काढा, ती झटकन पेट घेते.

एक धोका फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, तो तेलाचा. थंडीत बाळाला, म्हाताऱ्यांना मालिश होते आणि तेल ब्लँकेटला लागते. विदर्भात घरोघरी असलेले जवसाचे तेल तर हवेशी संयोग पावताना स्वतःच तापते. तेल न निघालेला कपडा ड्रायरमधून गरमागरम काढून घडी घातला, तर आतल्या आत तापून पेटू शकतो. तेलकट, किंवा रॉकेल-पेट्रोलने डाग काढलेले ब्लँकेट ड्रायरमध्ये कधीच नको.

गरम ड्रायरला साधारण दोन किलोवॅटपर्यंत वीज लागते. त्याला अर्थिंगसह सोळा अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको. घरगुती इन्व्हर्टरवर तो चालणार नाही. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटतो, वीज जाते, तेव्हा हे सगळे शहाणपण गुंडाळून ठेवावे लागते. अशा वेळी, आणि हिवाळ्यातही, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून भोवती ओली ब्लँकेटे टांगली जातात. ठिणगीचे भय तर आहेच, पण जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेले घर उठत नाही. ब्लँकेट दोन दिवस दमट राहिले तरी चालेल.

घोंगडीला मात्र मशीन दाखवूच नये. चिंचोक्याच्या खळीने तिला ताठपणा आलेला असतो, तो मशीनमध्ये निघून जातो. ती झटकावी, उन्हात टाकावी, डाग तेवढाच पुसावा.

पेटीत ठेवण्याआधी ब्लँकेटच्या घडीत हाताची मागची बाजू घालून पाहा. गार लागले तर ओल आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पिऊनही कोरडी भासते, म्हणून वरून हात फिरवून कळत नाही. आणखी एक दिवस बाजेवर राहू द्या, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पेटी बंद करा.