अंकीय भूस्थित दूरचित्रवाणी प्रसारण : मानके व सुसंगत संच

दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यावरील 'डिजिटल' हा शब्द संदिग्ध आहे. पडदा अंकीय असला म्हणजे मनोऱ्यावरून येणारा अंकीय संकेत संचास उकलता येतोच असे नाही. त्यासाठी प्रसारणाचे मानक व संचातील ट्यूनर यांचा मेळ असावा लागतो.

दूरदर्शनने २००३ मध्ये चार महानगरांत 'डीव्हीबी-टी' या युरोपीय मानकावर प्रायोगिक प्रसारण केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत आलेली सेवा मात्र 'डीव्हीबी-टी२' या सुधारित मानकाची होती. दोषदुरुस्तीची अधिक प्रभावी पद्धती असल्याने टी२ तितक्याच रुंदीच्या पट्ट्यात अधिक वाहिन्या वाहून नेते. टी२ संच सामान्यतः टी संकेतही उकलतो. उलट मात्र घडत नाही.

त्या १६ शहरांत महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही दोनच होती. अमरावती, अकोला नव्हते. हे प्रसारण साधारणतः दृष्टिरेषेत चालते. औरंगाबादचा संकेत अकोल्यास पोचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. देशातील बहुतांश अनुरूप प्रक्षेपकेही २०२१-२२ पर्यंत बंद झाली.

वऱ्हाडात दूरदर्शन विनाशुल्क मिळते ते २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झालेल्या 'फ्री डिश'वर. ती उपग्रहसेवा आहे. तिचे मानक 'डीव्हीबी-एस' कुळातील. त्यामुळे 'यात टी२ आहे' हे विक्रेत्याचे विधान खरे असूनही येथील ग्राहकास निरुपयोगी ठरते. तबकडी थेट जोडावयाची असल्यास माहितीपत्रकात 'डीव्हीबी-एस२' ट्यूनरची नोंद पाहावी. ती नसल्यास स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स घ्यावा लागतो.