वैद्यकीय इच्छापत्र : सहीआधीचे आकलन

गंभीर आजारात निर्णयक्षमता हरपल्यास कोणते उपचार करावेत आणि कोणते टाळावेत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवलेल्या दस्तऐवजास वैद्यकीय इच्छापत्र किंवा ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. मालमत्तेच्या वाटणीसाठी केलेले मृत्युपत्र याहून वेगळे. सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी या दस्तऐवजास मान्यता दिली. त्यासाठी घातलेली न्यायदंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीची अट व्यवहारात अडसर ठरू लागल्याने जानेवारी 2023 मध्ये ती काढली गेली आणि दोन साक्षीदारांसमोर केलेली सही नोटरीने किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित करणे पुरेसे ठरले.

कार्यपद्धती सुटसुटीत झाली, तरी मजकूर दुर्बोध राहिला तर रुग्णाचा हक्क कागदावरच राहतो. कॅलिफोर्नियातील अशाच दस्तऐवजाचा प्रचलित नमुना समजण्यास बारावीपुढील वाचनकौशल्य लागत असे. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. रिबेका सुडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पाचवीच्या पातळीवरील भाषेत, चित्रांची जोड देऊन नव्याने लिहिला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत बहुसंख्य रुग्णांनी हाच नमुना पसंत केला. शिवाय तो आधी हाती आलेल्यांपैकी 19 टक्के जणांनी सहा महिन्यांत दस्तऐवज पूर्ण केला, तर जुना नमुना आधी मिळालेल्यांत हे प्रमाण 8 टक्केच होते. सोप्या भाषेने फरक पडतो, हे या आकड्यांतून दिसते; पण डॉक्टर आणि कुटुंबीयांशी सविस्तर बोलणेही तितकेच गरजेचे असते.

सोपे लिहिणे म्हणजे माहिती गाळणे नव्हे. ‘कृत्रिम जीवरक्षक प्रणालीचा अवलंब करू नये’ या वाक्याखाली सही करणाऱ्यास आपण नेमके काय नाकारतो आहोत, हे उमगेलच असे नाही. त्याऐवजी, व्हेंटिलेटर लावताना सहसा तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात, ती असेपर्यंत बोलता किंवा तोंडाने खाता येत नाही, काही आजारांत हे यंत्र थोड्या दिवसांनी काढता येते, पण काहींत ते केवळ मरण लांबवते, असे लिहून मग ‘बरे होण्याची आशा नसेल तर ते लावावे का?’ असे विचारले, तर उत्तर खऱ्या अर्थाने रुग्णाचे ठरते. यंत्र नाकारले तरी वेदनाशमन आणि शुश्रूषा चालूच राहतात, हेही तेथेच स्पष्ट लिहिलेले असावे. वाचून झाल्यावर रुग्णाने मजकुराचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगावा आणि त्यात गैरसमज आढळल्यास डॉक्टरांनी पुन्हा समजावून द्यावे. कारण सही स्वेच्छेने व समजून केल्याची नोंद साक्षीदार आणि नोटरी करतात, पण प्रत्यक्ष आकलन घडवण्याची जबाबदारी नमुना लिहिणाऱ्यांवर आणि तो समजावणाऱ्यांवर असते.