घाई कुठे, धीर कुठे: पिल्लाच्या शिक्षणाविषयीचे गैरसमज

"अजून लहान आहे, सहा महिन्यांचं झालं की शिकवू." आणि "बघा, चार महिन्यांतच सोफ्यावरून कशी उडी मारतंय!" ही दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा एकाच घरात ऐकू येतात. पिल्लू पाळणाऱ्यांचं प्रेम कमी नसतं, खर्च करायचीही तयारी असते. पण वेळापत्रक उलटं असतं. ज्याला थांबून चालत नाही ते पुढे ढकललं जातं आणि ज्यासाठी वर्ष-दीड वर्ष थांबायला हवं त्याचे व्हिडिओ काढले जातात. पुढचे बरेचसे गैरसमज या उलटापालटीतून आले आहेत, बाकीचे धाकदपटशाच्या जुन्या सवयीतून.

"लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढायचं नाही"

हा सल्ला काळजीपोटीच दिला जातो. पार्वो आणि डिस्टेंपर पिल्लांचा जीव घेतात, पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि आपल्या गल्लीबोळांत लस न टोचलेली कुत्री भरपूर असतात. पण हिशेब करून बघा. लसींचा क्रम सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतो आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपास पडतो. माणसं, आवाज, वस्तू, इतर प्राणी यांना 'आपलं' म्हणून स्वीकारण्याचा पिल्लाचा काळ मात्र तिसऱ्या आठवड्यापासून फार तर बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतो. लसी संपायची वाट पाहिली की हा काळ हातचा गेलेला असतो.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ साली ते पुस्तकरूपाने मांडलं. त्याच सुमाराच्या प्रयोगांत काही पिल्लं चौदा आठवड्यांपर्यंत माणसांपासून दूर वाढवली होती. ती पुढे माणसाजवळ यायलाच तयार होईनात. 'अमेरिकन व्हेटरिनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेविअर' ही पशुवैद्यांची संस्था म्हणूनच सांगते, की पहिली लस टोचून किमान सात दिवस झाले आणि जंताचं पहिलं औषध दिलेलं असलं, की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला स्वच्छ जागेतल्या वर्गात न्यायला हरकत नाही. तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्ग नसून वागणुकीच्या तक्रारी हे आहे, असंही ही संस्था बजावते. तिकडे अशी कुत्री आश्रयगृहात पोचतात आणि तिथे त्यांना मरण दिलं जातं. आपल्याकडे ती गच्चीवर बांधली जातात किंवा रात्री गाडीत घालून दूर कुठेतरी सोडली जातात.

बाहेर नेणं म्हणजे रस्त्यावर सोडणं नव्हे. कडेवर घ्या. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहा, रिक्षा स्टँडवर पाच मिनिटं थांबा, मंडईच्या कडेने फेरी मारा, लिफ्टमधून वर-खाली करा. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर असतोच. गणपतीआधी ढोल-ताशाचं ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावा आणि ते वाजत असताना जेवण द्या. इतर कुत्र्यांची विष्ठा पडते अशा जमिनीवर तेवढं टेकवू नका.

हेल्मेट घातलेला पार्सलवाला दारात आला की पिल्लाचे कान मागे जातात, शेपूट पोटाखाली दडते, एक पाऊल पुढे आणि दोन मागे होतं. इथे बहुतेक जण त्याला ओढत पुढे नेतात, "काही करत नाही रे तो!" म्हणत. तसं करू नका. त्याच्या आणि त्या माणसाच्या मधोमध जमिनीवर पनीरचा तुकडा टाका आणि गप्प राहा. पुढे जायचं की नाही, हे पिल्लाला ठरवू द्या. गेलं तर उत्तम. नाही गेलं, तर उद्या जरा जास्त अंतरावरून.

"खाऊ दिला तर लाचेची सवय लागते"

काम करण्याआधी दाखवतात ती लाच, काम झाल्यावर मिळतो तो मोबदला. खाऊ देणाऱ्यांची चूक बहुधा वेळेची असते. 'बस' शिकवायचं तर वाटाण्याएवढा तुकडा पिल्लाच्या नाकाशी धरा आणि हात हळूहळू त्याच्या डोक्यावरून मागे न्या. नाक वर जातं, बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्या क्षणी "शाब्बास" म्हणा आणि लगेच तुकडा तोंडात द्या. पिल्लू बसलं, मग तुम्ही डबा शोधला, झाकण उघडलं, तोवर ते उठून तुमच्या पायाशी आलं आणि तेव्हा तुकडा मिळाला, तर ते उठायला शिकलं. दोष पिल्लाचा नाही.

चार-सहा वेळा जमलं, की तुकडा खिशात ठेवून रिकाम्या हाताने तीच खूण करा. मग कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा बक्षीस द्या. कधी मिळेल हे ठाऊक नसलं की कुत्रा जास्त मन लावून काम करतो. उकडलेलं चिकन, अंडं, पनीर, गाजर यांतलं काहीही चालतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा मात्र कुत्र्यासाठी विषारी आहेत.

आणि शब्द एकच ठेवा. आजी "बस रे बाळा", मुलगा "सिट" आणि बाबा "डाऊन" म्हणत असतील तर पिल्लाने कोणाचं ऐकायचं? मराठी की इंग्रजी, हा प्रश्न कुत्र्यापुढे नसतोच.

"रोज तासभर तालीम हवीच"

नको. डेन्मार्कमधल्या संशोधकांना असं आढळलं, की रोज शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेली कुत्री तेच काम कमी पाठांत शिकली. पिल्लाला एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरतात.

"मालक कोण, हे त्याला दाखवून द्यावं लागतं"

या समजुतीचं मूळ लांडग्यांत आहे. प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका आवारात कोंडले होते आणि ते वरचढपणासाठी भांडत होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या गाजलेल्या पुस्तकाने 'अल्फा', म्हणजे कळपावर हुकूम गाजवणारा म्होरक्या, ही कल्पना सगळीकडे पोचवली. पुढे मेक यांनीच कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं असं साधं कुटुंब निघालं. १९९९ साली त्यांनी ते स्पष्ट लिहिलं आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागेही लागले. शास्त्रज्ञाने आपलं मत इतक्या उघडपणे मागे घेऊनही आपल्याकडचे काही प्रशिक्षक अजून पिल्लाला उताणं पाडून दाबून धरतात. याने पिल्लू एवढंच शिकतं, की माणसाचे हात धोकादायक असतात.

पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. झटके, ओरडा, दाब वापरणाऱ्या शाळांतली कुत्री शिकताना जास्त तणावात दिसली, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं, आणि त्यांचा मनाचा कल वर्गाबाहेरही निराशेकडे झुकलेला होता.

"पण चूक केली की त्याला कळतं, चेहरा बघा ना!" हेही नेहमीचंच. संशोधक ॲलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हे तपासलं. कुत्र्याने खाऊ खरंच चोरला होता की नाही, याचा त्या अपराधी चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. संबंध होता मालकाच्या रागावण्याशी. उलट ज्यांनी काहीच केलं नव्हतं, अशी कुत्री रागावल्यावर जास्त 'अपराधी' दिसली. म्हणून शू केलेल्या जागी नाक घासणं निव्वळ क्रौर्य आहे. झोपून उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर बाहेर न्या आणि तिथे केल्यावर शाब्बासकी द्या.

गावाकडे एक समज आहे, की राखणीचा कुत्रा दिवसभर साखळीला बांधला की 'तिखट' होतो. तो तिखट होत नाही, भेदरट होतो. भेदरलेला कुत्रा चोर आणि पाहुणा यांत फरक करत नाही. साखळी तुटली की पहिल्यांदा समोर येतं ते घरातलं पोर.

"आठ महिन्यांचा झाला आणि शिकलेलं सगळं विसरला"

विसरत नाही, वयात येतो. ब्रिटनमध्ये मार्गदर्शक कुत्री म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांच्या मानाने आठव्या महिन्यात ती आपल्या सांभाळणाऱ्याचं कमी ऐकत होती, पण अनोळखी माणसाचं तसं नव्हतं. घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाशी ज्यांचा रोज सामना होतो, त्यांना हे वेगळं सांगायला नको. हा टप्पा सरतो. याच महिन्यांत चिडून काटेरी पट्टा आणला जातो किंवा कुत्रा कुणाला तरी देऊन टाकला जातो, म्हणून हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

"देशी कुत्रं शिकत नाही"

कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे दोन भांडी ठेवली आणि दुरून एकाकडे बोट दाखवलं. जी कुत्री जवळ आली, त्यांतली साधारण ८० टक्के बोटाच्या दिशेने गेली. कोणी शिकवलं नव्हतं. आपल्या शेजारच्या मुधोळ या देशी जातीची पिल्लं लष्कराने मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली आहेत. मात्र मुधोळ, कारवान ही नजरेने हेरून सशाचा पाठलाग करणारी कुत्री. समोर काही धावलं की ती निघाली, त्यामुळे 'ये' ही आज्ञा त्यांना लांब दोरीवर जास्त दिवस शिकवावी लागते. तो त्यांच्या रक्ताचा गुण आहे, मठ्ठपणा नव्हे.

"उड्या लहानपणीच शिकवल्या तर अंग लवचिक होतं"

कुत्र्यांच्या उड्यांचा अजिलिटी हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून सुचून करमणूक म्हणून सुरू झाला. अडथळे, बोगदा, उतरती भिंत, सी-सॉ आणि बारा दांड्यांमधून नागमोडी पळणं हे त्यातले मुख्य प्रकार. आता आपल्याकडेही हौशी मंडळी पीव्हीसी पाइपांचे अडथळे घरीच बनवतात. उत्साह चांगलाच आहे. घाई घातक आहे.

वाढत्या कुत्र्याच्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथेच हाड लांब होतं. लहान जातींत हा थर साधारण वर्षाच्या आत हाडात बदलतो, मोठ्या जातींत त्याला दीड वर्ष लागू शकतं. तोवर उंचीवरून वारंवार आपटणं किंवा दांड्यांमधून कणा पुन्हा पुन्हा पिळणं म्हणजे त्या थरावर घाव घालणं. तिथे इजा झाली तर पाय वाकडा वाढू शकतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या स्पर्धेत अठरा महिन्यांखालच्या कुत्र्याला उतरूच देत नाहीत, ते यासाठीच. नॉर्वेतल्या एका अभ्यासात लॅब्रडॉरसह चार मोठ्या जातींची पिल्लं बघितली होती. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत पुढे खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळला; मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत कमी. आपल्या सोसायट्यांत नेमकं उलटं असतं: गुळगुळीत फरशी, तीन मजले जिना आणि माती कुठेच नाही. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर लॅब्रडॉरच्या पिल्लाला उचलून न्या आणि घरात रबरी चटया टाका.

मग वर्षभर करायचं काय? भरपूर काही. पाइप जमिनीवरच आडवे ठेवा आणि त्यांच्यावरून चालवा, म्हणजे मागचे पाय कुठे पडतात याचं भान येतं. वीतभर उंचीच्या फळीवरून सावकाश चालवा. बादलीला डावीकडून आणि उजवीकडून वळसा घालायला शिकवा. खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा करा. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे 'थांब': तुम्ही दहा पावलं पुढे गेलात तरी सांगेपर्यंत जागा न सोडणं. मैदानावर शर्यत याच एका गोष्टीवर जाते किंवा मिळते, आणि रस्त्यावर यानेच जीव वाचतो.

प्रशिक्षक निवडताना आधी त्याचा एक वर्ग नुसता उभं राहून बघा. कुत्र्यांच्या शेपट्या मोकळ्या हलतात की पोटाखाली दडलेल्या असतात, ते पाहा. "महिनाभर आमच्याकडे सोडा, शिकवून परत देतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या, कारण कुत्र्याइतकंच तुम्हालाही शिकायचं असतं. आणि पिल्लू घरी आलं असेल तर आजच पशुवैद्यांना लसीच्या तारखा विचारा आणि पहिल्या लसीनंतर आठवडा झाला की त्याला कडेवर घेऊन बाहेर पडा. उड्यांना वर्षभर वेळ आहे, याला नाही.