परवान्याची लूट, सनदेचे राज्य

१६९५ च्या सप्टेंबरात मक्केहून सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-ई-सवाई’ हे जहाज हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने लुटले. यात्रेकरूंचे हाल झाले, बायकांवर अत्याचार झाले आणि बादशहाच्या रोषाने सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैदेत पडले. एव्हरी मात्र पुढच्या वर्षी बहामाच्या नासाऊ बंदरात नाव बदलून उतरला. तिथला गव्हर्नर निकोलस ट्रॉट याने नजराणा घेऊन त्याला आसरा दिला. बावीस वर्षांनी त्याच बंदरातून चाच्यांना हुसकून लावायला वुड्स रॉजर्स आला. तोही दर्यावरच्या लुटीतूनच नावारूपाला आलेला होता. फक्त त्याच्या लुटीला राणीचा परवाना होता.

युद्धकाळात शत्रूची जहाजे पकडण्याचा असा परवाना खासगी मालकांना मिळे. जहाज, तोफा, दाणागोटा, सगळा खर्च त्यांचा. १७०८ च्या कायद्याने राजसत्तेने लुटीतला आपला हिस्सा सोडला आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी पैशांच्या थैल्या मोकळ्या केल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘ड्यूक’ आणि ‘डचेस’ ही दोन जहाजे तीनशेहून अधिक माणसे घेऊन स्पॅनिश जहाजांच्या मागावर निघाली. रॉजर्स तेव्हा तिशीच्या आतबाहेर होता. वाट दाखवायला जुना दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर होता.

फेब्रुवारी १७०९ मध्ये हुआन फर्नांदेस बेटांवर त्यांना बकऱ्याची कातडी पांघरलेला अलेक्झांडर सेलकर्क सापडला. चार वर्षे चार महिने तो तिथे एकटा होता. स्कर्व्हीने खंगलेल्या खलाशांसाठी त्याने रानबकऱ्या धरून आणल्या. खलाशी त्याला बेटाचा ‘गव्हर्नर’ म्हणू लागले. डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मागे हीच हकिकत असल्याचे मानले जाते, आणि त्यामुळेच रॉजर्सचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात टिकले. मला ते अपुरे वाटते. त्याची खरी गोष्ट पुढे आहे.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील चकमकीत त्याचा भाऊ जॉन मारला गेला. त्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या टोकाजवळ मनिलाहून येणारे एक गलबत त्यांनी धरले. त्या लढाईत गोळी रॉजर्सच्या जबड्यात शिरली. बोलवेना, म्हणून तो हुकूम लिहून देत राहिला. काही दिवसांत दुसऱ्या, मोठ्या गलबताशी लढताना पायही जायबंदी झाला. जगाला वळसा घालून ऑक्टोबर १७११ मध्ये जहाजे थेम्स नदीत आली तेव्हा लुटीची किंमत सुमारे १ लाख ४८ हजार पौंड भरली. तेवढ्यात ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मक्तेदारीच्या दर्यात फिरल्याचे कारण काढून सुमारे सहा हजार पौंड वसूल केले. मालक, वकील आणि खलाशी यांचे झगडे मिटेपर्यंत रॉजर्सच्या हाती जेमतेम सोळाशे पौंड उरले आणि त्याचे दिवाळे निघाले.

पुढे तो मादागास्करला गेला. तिथे गुलाम माणसे विकत घेऊन त्याने सुमात्रात कंपनीला विकली. चरित्रातले हे पान कोणी झाकू नये. त्याच सफरीत तिथल्या चाच्यांशी बोलताना त्याला उमगले, की माफी मिळाली तर यांतले पुष्कळ जण हत्यार टाकतील. सप्टेंबर १७१७ मध्ये पहिल्या जॉर्जने माफीचा जाहीरनामा काढला आणि जुलै १७१८ मध्ये गव्हर्नर होऊन रॉजर्स नासाऊच्या तोंडाशी पोचला. चार्ल्स व्हेन या चाच्याने एक जहाज पेटवून त्याच्या अंगावर सोडले आणि पळ काढला. बाकीच्यांनी दुतर्फा उभे राहून बंदुकांचे बार काढत नव्या गव्हर्नराचे स्वागत केले.

आरमाराची जहाजे काही आठवड्यांतच निघून गेली. सोबतची माणसे तापाने मेली. उरले माफीचे कागद आणि बेंजामिन हॉर्निगोल्डसारखे शरण आलेले चाचे. त्यांनाच रॉजर्सने जुन्या सोबत्यांच्या मागावर धाडले. माफी घेऊन पुन्हा उलटलेले दहा जण पकडून आणले. एक निर्दोष सुटला, एकाला ऐन वेळी जीवदान मिळाले आणि १२ डिसेंबर १७१८ रोजी आठ जणांना किल्ल्यापाशी फाशी दिले. परवान्यावर लुटणाऱ्याने बिनपरवाना लुटणाऱ्यांना फासावर चढवले, हे विसरता येत नाही.

इकडे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या खांदेरीवर चालून गेला आणि हात हलवत परतला. कान्होजी छत्रपती शाहूंचे सरखेल होते. आपल्या दर्यात दस्तक मागण्याचा अधिकार त्यांना होता. तरी इंग्रजी कागदांत ते ‘पायरेट’च राहिले. रॉजर्सचा परवाना खरा आणि कान्होजींचे दस्तक खोटे, हा दुजाभाव मला अजूनही खुपतो.

१७२० मध्ये रॉजर्सने स्पॅनिश हल्ला परतवला. किल्ल्याच्या डागडुजीला आणि शिबंदीला पदरचे पैसे घातले, कर्ज काढले. लंडनहून मदत आली नाही. १७२१ मध्ये तो इंग्लंडला परतला तो कर्जदारांच्या तुरुंगातच गेला. सावकारांनी अखेर पाठ सोडली. १७२९ मध्ये तो दुसऱ्यांदा गव्हर्नर म्हणून नासाऊला उतरला आणि त्याच वर्षी बहामाची पहिली लोकसभा भरवली. चित्रकार हॉगार्थने त्या वर्षी काढलेल्या चित्रात त्याचा मुलगा त्याच्यापुढे बेटाचा नकाशा धरून उभा आहे. १५ जुलै १७३२ रोजी रॉजर्स नासाऊतच वारला. ‘चाचे घालवले, व्यापार पुन्हा उभा केला’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद बहामाने १९७३ मध्ये स्वतंत्र होईपर्यंत वापरले.