मोतीबिंदू निघाला, तरी अक्षरं का लागेनात?

बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीहून डोळ्यांच्या मोठ्या तपासणीसाठी माणसं गोंदियाची गाडी धरतात, नाहीतर सरळ नागपूर गाठतात. सोबत मुलगा किंवा सून असते. मोतीबिंदू झालाय हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण डॉक्टरांनी ‘पडदाही झिजलाय’ म्हटलं की सगळेच गोंधळतात. आता ऑपरेशन करायचं की नाही? आणि केल्यावर पडदा आणखी बिघडला तर?

या भीतीला अडाणीपणा म्हणायचं कारण नाही. एके काळी संशोधकांनाही तीच धास्ती होती. अमेरिकेतल्या बीव्हर डॅम आणि ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स या दोन नावाजलेल्या पाहण्यांत असं दिसलं, की मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांत पुढे मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या ऐन मध्याची, गंभीर झीज जास्त आढळते. नैसर्गिक भिंग गेलं, प्रकाश थेट आत शिरला आणि पडदा पोळला, असा तर्क मग सहज रूढ झाला.

त्यात एक मोठी अडचण होती. दाट मोतीबिंदूच्या मागचा पडदा डॉक्टरला नीट दिसतच नाही. झीज आधीपासून असते, ऑपरेशननंतर वाट मोकळी होते आणि ती पहिल्यांदा नजरेस पडते. दोष मात्र ऑपरेशनच्या माथी बसतो. हा गुंता सोडवायला दरवर्षी पडद्याचे फोटो घेत राहणारा अभ्यास हवा होता, आणि तो अमेरिकेत आधीच सुरू होता. ‘एरेड्स’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासात 4,757 माणसं होती. 2009 मध्ये एमिली च्यू आणि सहकाऱ्यांनी त्यातली माहिती तपासली, तेव्हा ऑपरेशनमुळे झीज बळावते याला भक्कम आधार सापडला नाही. एवढी चिकाटीची नोंद ठेवणाऱ्या माणसांचं नाव एखाद्या नव्या यंत्राइतकं गाजत नाही, याची हळहळ वाटते.

त्याच वर्षी त्याच अभ्यासातून आणखी एक हिशेब पुढे आला, आणि शिबिरातल्या प्रत्येक समुपदेशकाला तो पाठ असायला हवा. तक्त्यावरची किती अक्षरं जास्त वाचता आली? झीज नसलेल्या डोळ्यांना सरासरी 8.4, सौम्य झीज असलेल्यांना 6.1, मध्यम झीज असलेल्यांना 3.9 आणि पुढच्या टप्प्यातल्यांना 1.9. त्या तक्त्यावर एका ओळीत पाच अक्षरं असतात. म्हणजे शेवटच्या गटाला अर्धी ओळसुद्धा मिळाली नाही, तरी फायदा झालाच.

कंदिलाची काच काजळलेली आणि वातही जळून आखूड झालेली, अशी ही अवस्था आहे. काच पुसली म्हणून वात वाढत नाही. तरी पुसलेल्या काचेतून तेवढ्याच वातीचा उजेड अंगणापर्यंत जातो. मॅक्युला झिजलेल्या माणसाचंही तसंच होतं. पोथीतली बारीक अक्षरं परत येत नाहीत, सुई ओवता येत नाही. पण रंग उजळतात, पायरीची कड कळते, कडेनं येणारी मोटारसायकल वेळेवर दिसते. सत्तरीतल्या माणसाला बिनधास्त मोरीपर्यंत जाता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या भागात हा प्रश्न किती मोठा आहे? नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या 4,711 जणांचे डोळे तपासले. मॅक्युलाची शेवटच्या टप्प्यातली झीज तिथे फारच क्वचित आढळली. देशभर पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वामागे सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच आहे. 2015-19 च्या राष्ट्रीय पाहणीत त्याचा वाटा 66.2 टक्के निघाला. तेव्हा शिबिरांचा भर मोतीबिंदूवर असतो हे योग्यच. पण आयुष्य लांबतंय, आणि दोन्ही आजार एकाच डोळ्यात भेटण्याचे प्रसंग वाढणार.

म्हणून ‘पिकू द्या, मग काढू’ हा जुना सल्ला अशा रुग्णाला घातक ठरू शकतो. मोतीबिंदू पिकला की पडद्याचा ओसीटी फोटो धड निघत नाही. झीज ‘ओली’ असेल, म्हणजे पडद्याखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाझरत असतील, तर आधी डोळ्यात इंजेक्शनं देऊन पाझर आटोक्यात आणावा लागतो, मग ऑपरेशन. नंतरही इंजेक्शनं चुकवून चालत नाही.

लेन्स निवडताना खिशाला जपावं. दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी महाग मल्टिफोकल लेन्स उजेड वाटून टाकते. झिजलेल्या मॅक्युलाला ते परवडत नाही, साधी लेन्सच बरी. पिवळसर लेन्स निळा प्रकाश अडवून पडदा वाचवते, असंही सांगितलं जातं. कॉक्रेन संस्थेनं 2018 मध्ये 51 चाचण्या एकत्र तपासल्या. मॅक्युला वाचतो असा खात्रीचा पुरावा त्यांत मिळाला नाही.

घरी करता येण्याजोगी तपासणी फुकट आहे. चौकटींची वही पुढ्यात घ्यावी, मध्ये पेनानं ठिपका काढावा, वाचायचा चष्मा लावून एक डोळा झाकावा आणि ठिपक्याकडे बघावं. मग दुसऱ्या डोळ्यानं तेच करावं. रेघा वाकड्या दिसल्या, मध्येच एखादा भाग पुसल्यासारखा वाटला, तर शिबिराच्या तारखेची वाट न बघता पडद्याच्या डॉक्टरकडे जावं.