पणजीत राहायचंय? मग फोंतेन्हासमध्येच!

अल्तिनो टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून या जुन्या वस्तीला नाव मिळालं. 31 जानेवारी रस्त्यावरचं ‘पंजिम इन’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं घर. आता तिथे पाहुणे उतरतात. उंच छत, जुनं लाकडी सामान, रस्त्यावर डोकावणारा सज्जा. गाडी विसरा, चालत निघा:

🔹 सेंट सेबॅस्टियन चॅपेल: इथल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात, इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यात होता.
🔹 पिवळ्या-निळ्या भिंती आणि कौलारू घरांच्या अरुंद गल्ल्या.
🔹 ‘मळा’ भागातलं मारुती मंदिर: पायऱ्या चढलात की सगळी कौलं तुमच्या पायाशी!

सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) गरम पोई, म्हणजे गोव्याचा पाव, घ्याच. आणि हो, गल्ल्यांमधली ही राहती घरं आहेत. दारासमोर फोटो काढण्याआधी विचारा. 🙏